पिशवीचं तोंड

घरात दोन डॉक्टर होते आणि भामाबाईला दाखवायला एकही नव्हता. एक डॉक्टर पोटची लेक, दुसरा त्या लेकीचा नवरा. लेकीपुढं आईनं उघडं व्हायचं नसतं, आणि जावयापुढं तर डोईवरचा पदरही ढळू द्यायचा नसतो. म्हणून उन्हाळ्यापासून अंगावर लाल जात होतं ते तिनं कुणाला कळू दिलं नव्हतं. सब्जा पिऊन झाला, गुलकंद खाऊन झाला, जिरं घातलेलं ताक झालं. उष्णता म्हणावी तर दिवाळीची थंडी पडली तरी थांबायचं नाव नव्हतं.

तिला कोडं पडलं होतं ते हे येतंय कुठून याचं. तिची पिशवी तर सात वर्षांपूर्वीच काढली होती, मलकापुरात, राजवर्धनच्याच हातानं. तेव्हा तो जावई नव्हता. आपल्यातला पोरगा डॉक्टर झालाय आणि हायवेला दवाखाना घातलाय, एवढ्या ऐकीव माहितीवर आप्पासोंनी तिला जीपमध्ये घालून नेलं होतं, कारण तिचं रक्त थांबत नव्हतं. चार दिवसांनी शुद्धीवर नीट आल्यावर भामाबाईनं त्या पोराकडं नीट बघून घेतलं, देवक विचारलं, आणि नवऱ्याला म्हणाली, "ज्या हातानं मला वाचिवलं त्याच हातात पोरगी द्या." समीक्षा तेव्हा मिरजेला डॉक्टरकीच शिकत होती. पुढं सोयरीक झाली, लग्न झालं. हे लग्न पिशवीतनं निघालं, असं आप्पासोंची बहीण दगडाबाई अजून चारचौघांत म्हणायची आणि पदराआड हसायची.

तर पिशवी नाही म्हणजे पाळी नाही, हे भामाबाईला कळत होतं. पण लाल ते लाल. देवाला कुठं समजावून सांगत बसायचं की हे ते नव्हे, दुसरंच काही आहे? ज्या दिवशी दिसायचं त्या दिवशी ती मनातल्या मनात बाहेरची असायची. चुलीशी तिनं तडजोड केली होती, कारण सून बाळंतपणाला माहेरी गेलेली आणि घर उपाशी ठेवता येत नव्हतं. मेंढरांशी तशी तडजोड करता येईना. मेंढरं बिरोबाची.

शहाण्णवच्या दिवाळी पाडव्याला नेमकं तेच आडवं आलं.

पाडव्याला मेंढरांपुढं दूध उतू घालायचं, ही घरची रीत आप्पासोंच्या आज्यापासूनची. डाळिंबाची बाग आल्यापासून मेंढरं थोडी उरली होती, आटपाडीपासून कोकणापर्यंतची भटकंती कधीच सुटली होती, पण रीत सुटली नव्हती. मेंढरं कोंडायच्या वाड्याच्या मधोमध गोवऱ्या पेटवायच्या, नव्या बोळक्यात मेंढीचं दूध तापवायचं, आणि ज्या अंगाला ते उतू जाईल त्या अंगाला यंदा चारा-पाणी चांगलं. उतू घालायचं ते घरच्या धनिणीनं. दगडाबाई विधवा, तिला चालत नाही. समीक्षा दिलेली लेक, तिला चालत नाही. उरली भामाबाई.

धाकट्या वयापासून मेंढरांत वाढलेला तिचा मुलगा बिराप्पा सकाळीच वाड्याच्या वाटेवरची काटेरी झापी बाजूला करून उभा होता. भामाबाई बोळकं घेऊन आली, उंबऱ्यासारखा आडवा टाकलेला दगड ओलांडायला पाय उचलला, आणि तेवढ्यात तिला आतून ओघळ जाणवला. तिनं पाय तिथंच खाली ठेवला.

"काय झालं गं?" आप्पासोंनी विचारलं.

"पाय मुरगाळला."

"आत्ता? हुभ्या हुभ्या?"

"वयच तसं झालंय आवं."

एक लहान कोकरू झापीतून निसटून तिच्याकडं धावत आलं, दरवर्षी ती त्यांना गूळ चारायची म्हणून. भामाबाईनं लुगडं आवरलं आणि चार पावलं मागं सरली. मुरगळलेल्या पायानं माणूस असं भराभर मागं सरत नाही, हे तिच्या उशिरा ध्यानात आलं. वर मान केली तर लेक तिच्याकडं बघत होती. चेहऱ्याकडं नव्हे, पायाकडंही नव्हे. दोन्हींच्या मधे कुठंतरी.

"सांजच्याला घालू मग," आप्पासो म्हणाले. "मेंढरं चरून येत्याली तवा. तवर पाय चोळून घे. धनिणीबिगर उतू कसं घालायचं?"

भामाबाईनं मान हलवली आणि घराकडं निघाली. लंगडायचं विसरली, मग आठवलं, मग चुकीचा पाय लंगडायला लागली.

दुपारी जेवणं माजघरात बसली. आप्पासो, बिराप्पा आणि जावई पाटावर, दगडाबाई दाराशी भिंतीला टेकून, समीक्षा वाढायला, भामाबाई चुलीपुढं. चुलीकडं तोंड करून बसलं की एक बरं असतं, आपलं तोंड कुणाला दिसत नाही आणि पाठीला मात्र सगळं ऐकू येतं.

राजवर्धन मोठा गोड माणूस, पण ताकाला जाऊन भांडं लपवायची त्याची खोड. आधी डाळिंबाचा भाव विचारून झाला, मग टेंभूच्या पाण्याचं काय झालं ते विचारून झालं. शेवटी आप्पासोच म्हणाले, "पाव्हणं, बोला की आता. भाकरी गार व्हायलीया."

"मामा, हायवेच्या अंगाला वरचा मजला बांधून झालाय. वीस खाटा घालता येतील. फक्त बाई डॉक्टर पाहिजे. कडेगावपासून बायका येतात, आत पुरुष दिसला की पदर ओढून परत जातात. बायकांच्या ऑपरेशनांचं पुढचं शिकायला समीक्षाला मुंबईत एक वर्ष झालं. आता आली तर बरं होईल, एवढंच माझं म्हणणं आहे."

"दोन वर्षांचं आहे ते," समीक्षा वाढता वाढता म्हणाली. "अर्ध्यात सोडलं तर काहीच केलं नाही असं धरतात. सोमवारी हजर व्हायचंय मला."

"शिकून तरी काय शिकतीयास?" दगडाबाईनं दाराशेजारून तोंड घातलं. "बाळातपणं येत्यात नव्हं तुला? मग? लेकरं काढायची सोडून त्या वंगाळ रोगाच्या बायकांत कशापायी ऱ्हायचं? चार वरसं झाली लग्नाला, घरात पाळणा न्हाई. दुसऱ्याची मरणं बघून कुणाची कूस उजवत न्हाई, सांगून ठिवते."

"आत्ते, पाळण्याचं राहू दे."

"ऱ्हायलाच हाय की त्यो!"

बिराप्पा हसला आणि बापानं बघितल्यावर गप्प झाला. तो बहिणीच्या बाजूचा होता, पण जावयासमोर बोलायचं म्हणजे घास गिळल्यावर बोलायचं, आणि त्याचा घास कधी संपत नसे.

"आत्याबाईंचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही," राजवर्धन हळूच म्हणाला. "वर्षभरात तिनं स्वतःच्या हातानं किती ऑपरेशनं केली विचारा. बहुतेक वेळ नुसता आकडा धरून उभी असते."

"कसला आकडा?" आप्पासोंनी विचारलं.

"पोट उघडल्यावर कड ओढून धरायला लोखंडी आकडा असतो," समीक्षा म्हणाली. "तो धरला म्हणजे करणाऱ्याला आतलं दिसतं. हो, धरते मी. पहिले सहा महिने तेवढंच केलं. सकाळी आठला उभी राहिले की दुपारी तीनला हात वळत नाही, बोटं तशीच वाकडी राहतात."

"बया!" दगडाबाईला खरोखरच वाईट वाटलं. "येवडं शिकून आकडा धरती पोरगी. त्यापरास आमी कडब्याला आकडी लावत हुतो ती काय वाईट?"

"पण ते धरताना दिसतं ना आत्ते. मोठ्या मॅडम करत असतात ते बघायला मिळतं. पिशवी काढायला मलाही येते, ह्यांनाही येते. पण रोग असला म्हणजे नुसती पिशवी काढून चालत नाही. भोवतीचं सगळं धरून काढायला लागतं, आणि त्याच भोवतालातून लघवीची नळी गेलेली असते, सुतळीएवढी. मॅडम म्हणतात, नळी डोळ्यांनी दिसल्याशिवाय कातर लावायची नाही. ती ओळखायलाच वर्ष गेलं माझं."

"कातरताना कातडं उचलून धराया लागतंय," बिराप्पाचा घास एकदाचा संपला. "न्हाईतर लोकरीसंगट मेंढराचं कातडं निघतंय. तसंच म्हण की."

"तसंच."

आप्पासोंनी हात झटकला. ते मोठे निर्णय असेच घ्यायचे, दुसऱ्यावर ढकलून. "हे बघा पाव्हणं, तुमचं बी खरं, पोरीचं बी खरं. पोरगी तुमास्नी दिली ती तिच्या आईनं. तवा हिचा सबूद शेवटचा. ही म्हणंल ती आमाला कबूल."

सगळे चुलीकडं बघायला लागले. भामाबाईनं तव्यावरची भाकरी उलटली.

तिचं उत्तर केव्हाच ठरलेलं होतं. आठवड्यापूर्वी राजवर्धनच्या आईनं आटपाडीच्या एसटीडी बूथवर फोन करून निरोप ठेवला, तेव्हापासून. पोरगी मलकापूरला येऊ दे. त्यात जावयाचं भलं होतं, विहिणीचं समाधान होतं, आणि तिच्या स्वतःच्या पोटातलं एक कारण होतं जे ओठांवर आणता येत नव्हतं. लेक जवळ आली तर कधीतरी, कुठल्यातरी दुपारी, कुणी नसताना, धीर करून तिला सांगता येईल. मुंबईच्या लेकीला काय सांगणार?

"माझं म्हणाल तर," भामाबाईनं सुरुवात केली.

"आई, थांब जरा," समीक्षानं मधेच म्हटलं. भाजीचं पातेलं तिनं खाली ठेवलं. "तुझं सांगायच्या आधी एक ऐक. आमच्या दवाखान्यात गेल्या महिन्यात जतकडची एक बाई आली होती. आपल्यातलीच. नाव नाही सांगत. साठीला आलेली. अंगावर लाल जातंय म्हणून वर्षभर कुणाला बोलली नाही. मी विचारलं, का बोलली नाहीस? तर म्हणाली, माझी पिशवी काढलीया, मग रोग हुईल कशाला? आणि अशी ती एकटी नाही. कितीतरी येतात. पिशवी काढलेली असते, पण पिशवीचं तोंड आतच राहिलेलं असतं. कधी कधी डॉक्टर वरची पिशवी काढतात आणि तोंड ठेवतात. बाईला वाटतं सगळं गेलं. आणि रोग होतो तो बहुतेक तोंडालाच होतो."

भामाबाईनं मान वळवली. ती लेकीकडं बघायला वळली होती, पण नजर गेली जावयाच्या ताटाकडं. भाकरीचा तुकडा आमटीत बुडवलेला तसाच राहिला होता. आमटी बोटांवरून मनगटाकडं उतरत होती आणि राजवर्धनचा हात वर येत नव्हता. तो पोरगा जेवायला बसला म्हणजे चांगला जेवायचा, सासुरवाडीला लाजायचा नाही. त्याचा हात असा ताटात थांबलेला तिनं कधी बघितला नव्हता. खाई त्याला खवखवे म्हणतात ते तिला त्या हातात दिसलं.

तव्यावरची भाकरी करपायला लागली. तिनं ती उतरवली, हात पुसले, आणि जन्मात जे केलं नव्हतं ते केलं. जावयाकडं तोंड करून सरळ विचारलं.

"जावईबापू, माझी पिशवी काढलीसा, तवा तोंड काढलंसा का ठिवलंसा?"

दगडाबाईनं तोंडावर पदर घेतला, पण यावेळी हसायला नव्हे. आप्पासोंना तर कुठं बघावं कळेना. बायको जावयाला भर पंगतीत असलं काही विचारते हे ऐकायला आपण अजून जिवंत का आहोत, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं.

"ठेवलं, मामी," राजवर्धन म्हणाला.

"राज!" समीक्षा म्हणाली.

"ठेवलं. रक्त थांबत नव्हतं. पिशवी गाठींनी एवढी मोठी झालेली. रक्ताची बाटली सांगलीहून यायची होती ती येईना, लाइट दोनदा गेली. तोंड काढायला खाली जायचं तर अजून तासभर लागला असता, आणि तेवढा वेळ त्यांच्याकडं नव्हता. वरचं काढलं आणि पोट बंद केलं. आज कुणीही तेच करेल. मी आजही तेच करेन."

"ते बरोबरच केलंत," समीक्षाचा आवाज चढला नाही, पण तिनं नवऱ्याला अहो-जाहो घातलं म्हणजे ती किती रागावलीय ते भामाबाईला कळलं. "पण सांगायला काय झालं होतं? मागं तोंड राहिलंय, वर्षातून एकदा दाखवून जा, एवढं एक वाक्य?"

"जखम भरल्यावर सांगायचं ठरवलं होतं. भरली तेव्हा मामी सोयरीक घेऊन आल्या. माझ्या आईला म्हणाल्या, तुमच्या पोराच्या हाताला यश आहे. त्यावर काय सांगू, की काम अर्धंच केलंय? मग लग्न झालं. मग सांगायला तोंड उरलं नाही."

बिराप्पा ताटावरून उठला. एवढा मोठा गडी, उठला तेव्हा दिव्याचा कोनाडा झाकला गेला. "म्हंजी सात वरसं आमच्या आईला..."

"बस खाली," भामाबाई म्हणाली.

"आगं पण..."

"बस म्हणते न्हवं. त्या रातीला मी गेल्यातच जमा हुते. तुजा बाप भाईर जीपला टेकून रडत हुता, इचार त्येला. आज हितं बसून भाकऱ्या भाजतीया ती ह्येंच्यामुळंच. त्येंनी बोलायचं चुकवलं. मी बी चुकवलंच की." मग तिनं लेकीकडं बघितलं. आता राहिलंच काय होतं झाकायचं? "व्हय गं. जातंय मला. उन्हाळ्यापासनं."

हे बोलल्यावर तिला एकदम मोकळं वाटलं आणि लगेच भीती वाटली. इतके महिने ती शरमेला भीत होती. शरमेच्या मागं दुसरं काही उभं आहे हे तिला आता दिसलं.

समीक्षानं तिला आतल्या खोलीत नेलं. दार लोटलं, खिडकीला घोंगडं लावलं. मग दार थोडं उघडून म्हणाली, "तुमची बॅग द्या. हातमोजे आहेत का त्यात?" राजवर्धननं उंबऱ्याच्या बाहेरून बॅग आत सरकवली. त्यानं आत बघितलं नाही.

"तुज्यापुढं कसं गं," भामाबाई पुटपुटली. "तुला मी न्हाऊमाखू घातलंय."

"मग फेड म्हण. पाय जवळ घे. असं. आता सैल सोड." लेकीचा हात आईला लागला तो तिच्या ओळखीचा नव्हता. घरात तांब्या उचलताना सांडणारी ही पोरगी, तिचा हात इतका शांत कधी झाला? दुखलं, पण घाई नव्हती. एका जागी बोट थांबलं, भोवती फिरलं, पुन्हा त्याच जागी आलं. भामाबाई आढ्याकडं बघत राहिली. आढ्याला बिरोबाच्या जत्रेतल्या भंडाऱ्याचा पिवळा हात उमटलेला होता, समीक्षाच्याच लहानपणीचा, आप्पासोंनी तिला खांद्यावर घेतलं होतं तेव्हाचा.

"हाय का?"

समीक्षानं हातमोजे काढले. उत्तर द्यायला वेळ लावला नाही. "आहे, आई. लहान वाटतंय. भोवती पसरलेलं लागत नाही हाताला. पण तुकडा काढून तपासल्याशिवाय नक्की कुणी सांगू शकत नाही."

"त्योच रोग?"

"तोच असावा असं मला वाटतंय."

एवढं सरळ सांगितल्याबद्दल आधी भामाबाईला लेकीचा राग आला. रोगाचं नाव वाडीत कुणी घेत नाही, घेतलं की दारात येतो म्हणतात. मग तिला वाटलं, तो तर आत येऊन बसलाय, आता नावाला काय भ्यायचं? तरी रडू आलंच. समीक्षानं तिला जवळ घेतलं. तीही रडली, पण थोडकंच, आणि लुगडं नीट करून देता देता.

बाहेर आल्या तेव्हा पंगत मोडलेली होती आणि सगळे ओसरीवर बसलेले होते. समीक्षानं आत सांगितलं तेच बाहेर सांगितलं. आप्पासोंनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

राजवर्धन उभा राहिला. "उद्याच मलकापूरला चला. राहिलेलं मी काढून टाकतो. मीच ठेवलंय, मीच काढतो."

"व्हय," आप्पासो लगेच म्हणाले. माणूस घाबरला की त्याला उद्याचा दिवस फार आवडतो. "उद्याच जाऊया."

"नाही," समीक्षा म्हणाली. "उद्या नाही आणि मलकापूरला तर नाहीच. राज, तुलाही माहीत आहे. नुसतं तोंड काढून उपयोग नाही. भोवतालचं घ्यायला लागेल, किंवा मशीनच्या किरणांचा शेक द्यावा लागेल. आधीच एकदा पोट उघडलेलं आहे, आतलं सगळं एकमेकाला चिकटलेलं असणार, नळी कुठं गेली असेल सांगता येत नाही. अर्धवट हात लावला तर रोग मागं राहील आणि नंतर मॅडमनासुद्धा काही करता येणार नाही."

"ह्येंनी न्हाई तर तू काढ," भामाबाई म्हणाली. सगळ्यांत सोपं तिला हेच वाटलं. आता लेकीपुढं लाज उरलीच नव्हती. "हितंच. मलकापूरच्या दवाखान्यात, तू. तू करशील तर मी भिणार न्हाई. मुंबईला त्या परक्यांच्यात मला घालू नगंस. तू काढ, माज्या लेकी."

समीक्षानं आईकडं बघितलं.

"मला येत नाही, आई."

"आं?"

"मला येत नाही अजून. आकडा धरता येतो. नळी ओळखता येते, तीही मॅडम शेजारी असताना. एकटीनं करायला येत नाही. माझ्या हातून तू मरशील."

दगडाबाई म्हणाली, "आगं बया, बारा-पंधरा वरसं शिकतीया आन येत न्हाई?"

"म्हणून तर गेलीया न्हवं ती, आत्ते," बिराप्पा म्हणाला. तो दिवसभरात पहिल्यांदा घास नसताना बोलला होता.

भामाबाई लेकीकडं बघत राहिली. येत नाही, असं ह्या घरात कुणी कधी म्हटलं नव्हतं. तिच्या सासऱ्याला रस्ता ठाऊक नसताना त्यानं कळप घाटात घातला होता आणि निम्मी मेंढरं गमावली होती, पण येत नाही म्हणाला नव्हता. जावयालाही म्हणता आलं नव्हतं. त्याचा तिला राग येईना, उलट माया वाटली. पण विश्वास ठेवायचा तर तो आता ह्या पोरीवर ठेवायचा, जिला आपल्याला काय येत नाही ते ठाऊक आहे.

"सबूद माझा हाय नव्हं?" तिनं नवऱ्याला विचारलं.

"हाय की."

"मग ऐका. पोरगी सोमवारी मुंबईत हजर हुईल. दोन वरसं म्हंजी दोन वरसं. आन मी तिच्यासंगट जाते. जावईबापू, तुमचा वरचा मजला थांबंल तवर?"

राजवर्धननं मान खाली घातली होती ती वर केली. "थांबेल, मामी. मी पोहोचवायला येतो. मॅडमना त्या दिवशीचं सगळं मीच सांगतो, काय काढलं, काय ठेवलं. ते त्यांना माझ्याकडूनच कळायला पाहिजे."

"सांगा. ह्या वख्ताला सगळं सांगा," भामाबाई म्हणाली, आणि तिच्या आवाजातला टोमणा त्याला लागला आणि गोडही लागला. समीक्षा मात्र नवऱ्याकडं बघत नव्हती. ते एवढ्यात मिटणार नव्हतं.

सांज झाली तशी मेंढरं धुरळा उडवीत वाड्याकडं वळली. आप्पासो ओसरीवरच बसून होते. "यंदा ऱ्हाऊ दे ते उतू," ते म्हणाले. "तू आता त्यात पडू नगं."

भामाबाई आत गेली आणि बोळकं घेऊन आली. दगडाबाई घाईघाईनं आडवी आली.

"वैनी, आगं काय करतीयास? रगत जातंय नव्हं तुला? बाहेरची तू. बिरोबाची मेंढरं हायत ती!"

"बाहेरची न्हाई दगडे. आजारी हाय."

"आगं पण रगत..."

"बिराच्या पायात फाळ घुसला तवा रगत गळत गळत त्येला देवळात न्येला व्हता का न्हवता? तूच भंडारा लावलास न्हवं त्या जखमंवर? मग ही बी जखमच हाय. पिशवी न्हाई तर पाळी कुठली? उगाच सा म्हैने बाहेरची म्हणून मेले मी. सर."

दगडाबाई सरली. नुसती सरली नाही, मागून गोवऱ्यांची पाटी घेऊन आली.

भामाबाई आडवा दगड ओलांडून वाड्यात शिरली. मेंढरांनी वाट दिली. सकाळचं ते कोकरू धडपडत आलं आणि तिच्या पिंढरीला नाक घासू लागलं. तिनं कनवटीचा गूळ त्याला चारला. बिराप्पानं जाळ केला, तिनं बोळकं ठेवलं आणि शेजारी बसली. समीक्षा येऊन तिच्याजवळ उकिडवी बसली. दिलेल्या लेकीनं आत यायचं असतं की नाही, हे कुणी काढलं नाही.

"ऑपरेशन करायचं ठरलं तर मॅडम करत्याल?" भामाबाईनं दुधाकडं बघत विचारलं.

"हो. फार चांगला हात आहे त्यांचा."

"आन आकडा?"

"कुणीतरी धरेल. मी नाही. सख्ख्या माणसाला त्या खोलीत येऊ देत नाहीत आई. हात कापतो म्हणतात."

"तुजा कापंल?"

समीक्षानं जरा विचार केला. "नाही कापणार."

दूध कडेला चढायला लागलं. बिराप्पानं हाक घातली, आप्पासो ओसरीवरून उठून झापीपाशी आले, राजवर्धन त्यांच्या मागं चपला काढून उभा राहिला. साय फुगली, फुटली, आणि दूध बोळक्यावरून खाली गोवऱ्यांवर उतरलं. कुठल्या अंगाला गेलं म्हणून सगळे वाकून बघायला लागले.

भामाबाई तेवढी बघत नव्हती. तिनं लेकीचं मनगट धरलं होतं.

"मग सांग त्या मॅडमला," ती म्हणाली, "ही बाई माझी कुणी लागत न्हाई म्हणून. आन आकडा तूच धर."